सरड्याची अन्नावरील वासना का उडते?

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील रुक्ष व विरळ झाडीच्या प्रदेशात एक मध्यम आकाराचा सरडा राहतो. इंग्रजीत त्याला 'बिअर्डेड ड्रॅगन' म्हणतात. मराठीत 'दाढीवाला सरडा' असे म्हणता येईल. प्राणिशास्त्रातील त्याचे नाव 'पोगोना व्हिटिसेप्स' असे आहे. गळ्याखालची काटेरी त्वचा फुगवून व ती काळी करून तो शत्रूला भिववितो, त्यावरून त्याला हे नाव पडले. शेपटीसह त्याची लांबी ४० ते ६० सेंटिमीटर भरते. भारतातील बागांत व कुंपणांवर नेहमी दिसणारा सरडा आणि हा सरडा एकाच 'ॲगॅमिडी' कुळातील होत. स्वभावाने शांत व माणसाला लवकर सरावणारा असल्यामुळे ऑस्ट्रेलियात, तसेच युरोप-अमेरिकेत, तो काचेच्या पेटीत घालून घरी आणि कित्येक शाळांच्या वर्गांतही पाळला जातो. ऑस्ट्रेलियातून असे प्राणी व्यापारासाठी जिवंत बाहेर नेण्यास बंदी आहे. त्यामुळे इतर देशांतील पाळीव सरडे बंदिवासातच जन्मलेले असतात.

हा सरडा पाळणाऱ्याला केव्हा ना केव्हा एक चिंता पडते. काल-परवापर्यंत रातकिड्यांवर झडप घालणारा हा प्राणी एके दिवशी अन्नाकडे ढुंकूनही पाहत नाही. कुत्रे किंवा मांजर आजारी पडले तर ते कण्हते, माणसाजवळ येऊन बसते. सरडा यांपैकी काहीच करीत नाही. रानात दुबळा दिसणारा प्राणी शत्रूच्या तावडीत लवकर सापडतो. म्हणून आजार लपविणे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. अन्न सोडणे ही त्याच्या प्रकृतीविषयी बाहेर कळणारी पहिली, आणि पुष्कळदा एकमेव, सूचना होय. तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर प्राणी खंगत जातो. आणि तिचा अर्थ चुकीचा लावला तर उपचारच त्याच्या जिवावर बेतू शकतो. अन्नावरील वासना उडणे हा स्वतंत्र रोग नाही, ते एक लक्षण आहे. आणि त्याचे कारण सरड्याच्या पोटात शोधण्यापूर्वी त्याच्या पेटीत शोधावयाचे असते. हे असे का, ते समजण्यासाठी प्रथम त्याच्या शरीराची व्यवस्था पाहिली पाहिजे.

शरीराची उष्णता आणि भूक

सस्तन प्राणी व पक्षी यांच्या शरीरात अन्नापासून उष्णता निर्माण होते आणि बाहेर थंडी असो वा ऊन, त्यांच्या शरीराचे उष्णतामान जवळजवळ कायम राहते. सरपटणाऱ्या प्राण्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांना 'थंड रक्ताचे प्राणी' म्हणण्याचा प्रघात आहे, परंतु हे नाव फसवे आहे. उन्हात बसलेल्या सरड्याचे रक्त माणसाच्या रक्ताइतकेच उष्ण असू शकते. फरक एवढाच की, ही उष्णता त्याला बाहेरून मिळवावी लागते. रेमंड काउल्स व चार्ल्स बोगर्ट या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञांनी १९४४ साली वाळवंटी सरपटणाऱ्या प्राण्यांविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. हे प्राणी ऊन व सावली यांमध्ये ये-जा करून आपल्या शरीराचे उष्णतामान ठरावीक मर्यादांत राखतात, असे त्यांनी त्यात दाखवून दिले.

दाढीवाला सरडाही हेच करतो. सकाळी तो एखाद्या ओंडक्यावर किंवा कुंपणाच्या खांबावर चढतो, अंग चपटे करून पाठ उन्हाकडे धरतो आणि रंग गडद करतो; गडद रंगामुळे उष्णता अधिक शोषली जाते. शरीराचे उष्णतामान सुमारे ३५ अंश सेल्सिअसपर्यंत पोचले की तो भक्ष्याच्या शोधात निघतो. ऊन फार झाले तर तोंड उघडे ठेवून बसतो, नाहीतर सावलीत शिरतो.

ही सारी धडपड भुकेशी निगडित आहे. अन्नाचे पचन म्हणजे पाचक रसांतील एन्झाइमांनी घडवून आणलेल्या रासायनिक क्रियांची मालिका होय. उष्णतामान १० अंशांनी उतरले तर अशा क्रियांचा वेग निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो. आतड्याची हालचालही मंदावते. अशा थंड शरीरात गेलेले अन्न पुढे सरकत नाही, ते जठरात पडून राहते व कुजू लागते. म्हणून अंग पुरेसे तापले नसता सरडा अन्न नाकारतो, यात त्याचा हट्ट नाही. जे पचणार नाही ते पोटात न घेणे हाच त्याच्या दृष्टीने सुरक्षित मार्ग असतो.

याच व्यवस्थेचा एक फायदाही आहे. शरीर तापविण्यासाठी अन्न खर्च करावे लागत नसल्याने सारख्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मानाने सरड्याला फारच थोडे अन्न लागते. पूर्ण वाढलेला व धष्टपुष्ट सरडा काही दिवस उपाशी राहिला तरी त्याला तत्काळ धोका नसतो. कारण शोधण्यास पाळणाऱ्याला अवधी मिळतो. काही आठवड्यांच्या पिलाची स्थिती अशी नसते. त्याच्या शरीरात साठा थोडा असतो आणि वाढीची गरज मोठी असते. त्याने दोन-तीन दिवस अन्न सोडले तरी ती गंभीर बाब समजावी.

पेटीची तपासणी

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, अशी म्हण आहे. पेटीतील सरड्याची धाव तर काचेपर्यंतच असते. रानात एक खडक गार वाटला तर तो दुसऱ्या खडकावर जातो. पेटीत दुसरा खडक नसतो. म्हणून उष्ण व गार अशा दोन्ही जागा पेटीतच निर्माण कराव्या लागतात. पूर्ण वाढलेल्या सरड्यासाठी सुमारे १२० सेंटिमीटर लांबीची पेटी घेऊन तिच्या एका टोकास वरून उष्णता देणारा दिवा लावतात. दिव्याखालील बैठकीच्या पृष्ठभागाचे उष्णतामान ३८ ते ४२ अंश असावे, तर दुसऱ्या टोकाचे २४ ते २८ अंश. रात्री दिवे बंद केल्यावर ते २० अंशांच्या आसपास उतरले तरी चालते. रानातही रात्री गारच असतात.

हे आकडे अंदाजाने ठरवू नयेत. काचेला चिकटवलेली तापमापक पट्टी काचेचे उष्णतामान दाखविते, बैठकीचे दाखवीत नाही. दिव्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यावरूनही काही निश्चित कळत नाही, कारण उन्हाळ्यात पुरेसा ठरलेला दिवा थंडीच्या दिवसांत गार खोलीत अपुरा पडतो. सरड्याचे पोट जेथे टेकते त्याच ठिकाणी तापमापकाचे टोक ठेवून सकाळी, दुपारी व सायंकाळी नोंद करावी. बैठक ३० अंशांच्याच आसपास असेल, तर भूक मंदावण्याचे कारण बहुधा तेथेच सापडते. अशा वेळी दिवा बदलावा किंवा बैठक थोडी उंच करावी. उलटपक्षी सारीच पेटी ४० अंशांवर तापली असेल तर सरड्याला गारव्याला जागा उरत नाही व तो तोंड उघडून एका कोपऱ्यात पडून राहतो. विजेवर तापणारे दगड वापरू नयेत. त्यांवर बसून सरड्यांची पोटे भाजल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

जंबुपार किरणांचे कार्य

उन्हातून सरड्याला उष्णतेखेरीज आणखी एक गोष्ट मिळते. दृश्य प्रकाशाच्या जांभळ्या टोकापलीकडे जे किरण असतात त्यांना जंबुपार किरण म्हणतात. त्यांपैकी सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण त्वचेवर पडले की त्वचेतील एका मेदासारख्या द्रव्यापासून 'ड-३' जीवनसत्त्वाचे पूर्वरूप तयार होते. शरीराच्या उष्णतेने त्याचे जीवनसत्त्वात रूपांतर होते आणि पुढे यकृत व मूत्रपिंड यांत त्यास कार्यक्षम रूप मिळते. आतड्यातून कॅल्शियम शोषून घेण्यासाठी हे जीवनसत्त्व आवश्यक असते.

जंबुपार किरण मिळाले नाहीत तर अन्नातील कॅल्शियम वाया जाते. मग शरीर ते हाडांतून काढून घेऊ लागते. हाडे मऊ होतात, पाय वाकतात, बोटे थरथरतात. आतड्याच्या स्नायूंना आकुंचनासाठी कॅल्शियम लागते. ते कमी पडले की आतडे मंदावते. जबडा मऊ झाला की चावणे कष्टाचे होते. असा सरडा किड्याकडे पाहतो, एखादे पाऊल पुढेही टाकतो आणि थांबतो. पाहणाऱ्याला वाटते की त्याला भूक नाही. वस्तुतः भूक असूनही त्याला खाता येत नसते.

खिडकीच्या काचेतून येणारे ऊन या कामी उपयोगी पडत नाही, कारण साधी काच हे किरण अडविते. पेटीवरील दाट जाळीही त्यांतील बराच भाग रोखते. त्यासाठी निराळी नळी बसवावी लागते. या नळीतून येणारा दृश्य प्रकाश पुढे बराच काळ टिकतो, पण जंबुपार किरण मात्र कमी होत जातात. डोळ्यांना दिवा उजळ दिसतो आणि सरडा मात्र त्या किरणांच्या दृष्टीने अंधारात असतो. म्हणून नळीच्या प्रकाराप्रमाणे सहा ते बारा महिन्यांनी ती बदलावी व बसविल्याची तारीख तिच्याजवळ लिहून ठेवावी.

भूक मंदावण्याची स्वाभाविक कारणे

उष्णता व प्रकाश ठीक असूनही सरडा कमी खात असेल, तर पुढील गोष्टींचा विचार करावा.

वय वाढले की आहार घटतो. लहान पिले दिवसातून अनेकदा खातात व त्यांचे बहुतेक अन्न किडेच असतात. पूर्ण वाढलेल्या सरड्याच्या आहारात पाने व इतर वनस्पतिजन्य पदार्थ अधिक असतात. त्याला किडे आठवड्यातून काही वेळाच पुरेसे होतात. पिलाच्या भुकेची सवय झालेल्या पाळणाऱ्यास हा बदल आजारासारखा वाटतो.

जागा बदलली की सरडा बावरतो. नव्या घरी आल्यावर एक-दोन आठवडे त्याने थोडेच खाणे साहजिक आहे. त्या काळात त्याला वारंवार हाताळू नये. एकाच पेटीत दोन सरडे असतील तर त्यांपैकी बलवान सरडा उबदार बैठक बळकावतो. दुसरा गार कोपऱ्यात राहतो व अन्न सोडतो. कधी कधी काचेत दिसणारे स्वतःचे प्रतिबिंबच सरड्याला प्रतिस्पर्धी वाटते. कात टाकण्याच्या सुमारासही भूक एक-दोन दिवस मंदावते. मादी अंडी घालण्यापूर्वी अन्न कमी करते व माती उकरू लागते. नराची संगत नसली तरी ती फलन न झालेली अंडी घालू शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. उकरण्यास खोल, ओलसर माती मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकून तिचा जीव धोक्यात येतो.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो हिवाळ्यात. ऑस्ट्रेलियात जून ते ऑगस्ट हे थंडीचे महिने असतात. त्या काळात हे सरडे जमिनीत किंवा ओंडक्याखाली दडून निष्क्रिय राहतात. सस्तन प्राण्यांच्या शीतनिद्रेहून ही अवस्था वेगळी आहे हे लक्षात घेऊन अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ विल्बर मेह्यू यांनी १९६५ साली तिच्यासाठी 'ब्रुमेशन' हे स्वतंत्र नाव सुचविले. उत्तर गोलार्धातील घरांत पाळलेले सरडेही तेथील हिवाळ्यात, दिवस लहान झाले की, पुष्कळदा याच अवस्थेत जातात. ते गार जागी जाऊन पडतात, दिवसच्या दिवस झोपतात आणि काही खात नाहीत.

आजारी सरडा व हिवाळी विश्रांती घेणारा सरडा वरवर पाहता सारखेच दिसतात. त्यांतील भेद वजनावरून कळतो. विश्रांतीच्या काळात शरीराची गरज अत्यल्प असल्यामुळे कित्येक आठवडे उपाशी राहूनही वजन फारसे उतरत नाही; आजारात मात्र ते सारखे घटत जाते. म्हणून ग्रॅम दाखविणारा स्वयंपाकघरातील साधा काटा घ्यावा व दर आठवड्यास, शक्यतो एकाच वेळी, सरड्याचे वजन करून वहीत लिहावे. मूळ वजनाचा दहावा हिस्सा घटला तर ती विश्रांती आहे असे मानून स्वस्थ बसू नये. तसेच एक वर्षाच्या आतील सरडा, किंवा आधीच रोडावलेला सरडा, निष्क्रिय झाला तर आजाराचाच संशय घ्यावा.

अन्नाचा विचार

वाढलेले अन्न योग्य आहे की नाही, हेही पाहावे. किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा नसावा. रातकिड्यांसारख्या किड्यांत फॉस्फरस भरपूर व कॅल्शियम अल्प असते. म्हणून त्यांना आधी पौष्टिक खाद्य देऊन व त्यांवर कॅल्शियमची भुकटी लावून मग ते सरड्यास द्यावेत. नेहमी मेदयुक्त अळ्याच दिल्या तर सरडा त्यांना चटावतो व पाने नाकारतो. पालकाच्या पानांतील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवते. तो रोज देऊ नये. न खाल्लेले रातकिडे रात्री पेटीत राहू देऊ नयेत. ते झोपलेल्या सरड्यालाच चावतात आणि मग तो किड्यांना बिचकू लागतो.

काजवे मात्र कधीही देऊ नयेत. काही जातींच्या काजव्यांच्या शरीरात हृदयावर परिणाम करणारे विष असते. काजवे खाल्ल्यावर दाढीवाले सरडे थोड्याच वेळात मेल्याच्या घटना १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाल्या आहेत. ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष प्रदेशात या सरड्याची अशा काजव्यांशी गाठ पडत नाही. त्यामुळे त्यांना टाळण्याची उपजत बुद्धी त्याच्या ठायी नसावी.

रोगाची चिन्हे

वरील सर्व गोष्टी ठीक असूनही सरडा खात नसेल तर रोगाचा विचार करणे भाग आहे. खोल गेलेले डोळे, शेपटीच्या बुडाशी वर आलेली हाडे, तोंडातून येणारी लाळ किंवा पू, श्वास घेताना होणारा आवाज, सुजलेला जबडा, थरथरणारे पाय, पातळ व अतिदुर्गंधी विष्ठा, अथवा अनेक दिवस विष्ठाच न होणे, ही चिन्हे आढळल्यास वाट पाहू नये. सरड्याच्या विष्ठेबरोबर यूरिक आम्लाचा पांढरा गोळा पडतो; तो पिवळसर व कडक झाला असेल तर शरीरात पाणी कमी पडले आहे असे समजावे. कॉक्सिडिया नावाचे सूक्ष्म परोपजीवी व आतड्यातील बारीक कृमी या सरड्यांत नेहमी आढळतात. अल्प प्रमाणात ते निरुपद्रवी असतात, परंतु दुबळ्या प्राण्यात त्यांची बेसुमार वाढ होते. सूक्ष्मदर्शकाखाली विष्ठा तपासल्यावर त्यांचा पत्ता लागतो. म्हणून पशुवैद्याकडे जाताना ताजी विष्ठा आणि वजनाची वही बरोबर न्यावी.

मदतीचा योग्य क्रम

उपाशी प्राणी पाहून माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो त्याच्या तोंडात घास घालण्याचा. सरड्याच्या बाबतीत हीच दया घातक ठरते. गार अंगाच्या सरड्याचा जबडा उघडून अन्न कोंबले तर ते पचत नाही; शिवाय ते श्वासनलिकेत जाण्याचा व मऊ झालेला जबडा मोडण्याचा धोका असतो.

प्रथम उष्णता सुधारावी. ती एक-दोन दिवस स्थिर राहिली की पाण्याकडे वळावे. सुमारे ३२ ते ३५ अंशांच्या उथळ पाण्यात, कोपरे जेमतेम बुडतील अशा बेताने, त्यास दहा-पंधरा मिनिटे ठेवावे व तेथून हलू नये. काही सरडे अशा वेळी पाणी पितात. इतरांच्या नाकपुडीजवळ थेंब सोडले तर ते चाटतात. त्यानंतर जंबुपार किरणांची नळी तपासावी, पेटीभोवतालची वर्दळ कमी करावी आणि सर्वांत शेवटी अन्न पुढे ठेवावे. सकाळी अंग तापल्यानंतर एक-दोन तासांनी दिलेला हलता किडा भूक जागी करण्यास विशेष उपयोगी पडतो. अन्न दिल्यावर दिवा लगेच मालवू नये. पचनासाठी निदान दोन-तीन तास उष्णता मिळाली पाहिजे. नळीने अन्न देण्याची वेळ आलीच तर तो निर्णय व ती कृती पशुवैद्याची असावी.

सरड्याला व त्याच्या भांड्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या आतड्यातही साल्मोनेला जंतू असू शकतात; पाच वर्षांखालील मुलांना त्यांपासून विशेष धोका असतो.

भारतातील वाचकांसाठी

भारतातील घोरपड, सांडा इत्यादी प्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे. ते पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे. या कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या परिशिष्टांत नमूद केलेले परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांवरही नोंदणीचे बंधन घातले आहे. तथापि या पाठातील मुख्य तत्त्व पडताळून पाहण्यासाठी कोणताही प्राणी पकडण्याची गरज नाही. बागेतील सरडा सकाळी कोणत्या वेळी प्रथम दिसतो, तो उन्हात बसतो की सावलीत, किड्यावर झडप केव्हा घालतो, ढगाळ दिवशी काय करतो, याची नोंद दुरूनच महिनाभर ठेवावी व शेजारी हवेचे उष्णतामान लिहावे. सरड्याची भूक उन्हाशी कशी बांधलेली आहे, ते त्या नोंदींवरून दिसून येईल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. 'थंड रक्ताचा प्राणी' हे नाव सरड्यास पूर्णपणे का लागू पडत नाही?
२. गार अंगाच्या सरड्यास बळेच अन्न भरविणे का धोक्याचे आहे?
३. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन हाडांच्या पोषणास का पुरत नाही?
४. दोन सरडे महिनाभर उपाशी आहेत. पहिल्याचे वजन ४०० ग्रॅमवरून ३९२ ग्रॅम झाले, दुसऱ्याचे ४०० वरून ३४० ग्रॅम. कोणास पशुवैद्याकडे तातडीने न्यावे, व का?